भुर्जी मऊ का, मोकळी का?

तूप तापवलं की पातळ होतं. मेण तापवलं की वितळतं. चॉकलेट दप्तरात विसरलं तर दुपारपर्यंत वहीला चिकटतं. तापलं की पातळ व्हायचं, असं वागणाऱ्या वस्तू घरात शोधायला बसलात तर चांगली लांबलचक यादी होईल. आता अंडं घ्या. वाटीत फोडलं तेव्हा पातळ. तव्यावर ओतलं, तापलं आणि चक्क घट्ट झालं! वितळलेलं तूप गार झालं की पुन्हा थिजतं, मेणही पुन्हा गोठतं. मग उरलेली भुर्जी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली तर सकाळी पातळ अंडं परत मिळेल का? नाही मिळत. कितीही गार करा, भुर्जी ती भुर्जीच.

दुसरं नवल तर याहून मोठं. अंडी तीच, गॅस तोच, तवाही साधारण सारखाच. तरी एका घरची भुर्जी मोकळी, दाणेदार. शेजारच्या घरची मऊ लुसलुशीत. आणि तिसरीकडे ताटात वाढली की कडेनं पाणी सुटलेलं. ‘ज्याच्या त्याच्या हाताची चव’ असं म्हणून मोठी माणसं विषय संपवतात. पण त्या हातानं नेमकं काय केलं, ते शोधून काढता येतं. चला, शोधू या. अट एकच: गॅसजवळ जाल तेव्हा घरातलं मोठं कुणीतरी शेजारी उभं हवं.

आधी एक अंडं बशीत फोडा आणि मिनिटभर नुसतं बघा. मधोमध पिवळा बलक. त्याला लगटून घट्टसर पांढरा भाग आणि कडेला पसरलेला पातळ पांढरा. बलकाच्या दोन्ही बाजूंना पांढरी, पीळ पडलेली छोटीशी दोरी दिसेल. ते पिल्लू आहे, असं समजून बरेच जण ती काढून टाकतात. पिल्लाचा आणि तिचा काही संबंध नाही हं! कवचाच्या आत बलक हेलकावे खाऊ नये, मधेच राहावा, म्हणून त्याला धरून ठेवणारी ती दोरी. तिला कॅलाझा म्हणतात. खुशाल खा.

आता थोडे आकडे. पांढऱ्या भागाच्या दर १०० ग्रॅममध्ये जवळजवळ ८८ ग्रॅम पाणी असतं आणि १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. बलकात पाणी निम्मंच, पण पाव भागाहून जास्त स्निग्ध पदार्थ असतात. पांढरं-पिवळं मिसळून हिशेब केला तर अंडं म्हणजे साधारण पाऊण भाग पाणी! दोन अंडी फोडली की वाटीत ७५ ग्रॅम पाणी आणि जेमतेम १२-१३ ग्रॅम प्रथिनं येतात. मऊ शिजलेल्या अंड्यात हे पाणी जवळजवळ सगळंच्या सगळं असतं. ते कुठंही गेलेलं नसतं. मग एवढं पाणी असलेली वस्तू बोटानं दाबली तर घट्ट कशी लागते?

याचं उत्तर त्या १२-१३ ग्रॅममध्ये आहे.

प्रथिन म्हणजे एक लांब साखळी. तिचे दुवे असतात अमिनो आम्लांचे. अंड्याच्या पांढऱ्या भागात सगळ्यांत जास्त असतं ते ओव्हाल्ब्युमिन नावाचं प्रथिन, त्याच्या साखळीत ३८५ दुवे. ही साखळी सरळ ताणलेली नसते. आजीच्या विणकामाच्या पिशवीतल्या लोकरीच्या गुंड्यासारखी ती स्वतःभोवतीच गुंडाळलेली असते. कच्च्या अंड्यात असे अब्जावधी सूक्ष्म गुंडे पाण्यात सुटे सुटे तरंगतात, एकमेकांत अडकत नाहीत, म्हणून अंडं पातळ. गुंडाळी मात्र वाटेल तशी झालेली नसते हं. साखळी कुठल्या कोनात वळू शकते आणि कुठल्या कोनात मुळीच वळू शकत नाही, याचा एक सुंदर नकाशा गो. ना. रामचंद्रन यांनी सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन या सहकाऱ्यांबरोबर मद्रास विद्यापीठात तयार केला आणि १९६३ साली प्रसिद्ध केला. जगभरात प्रथिनांचा अभ्यास करणारे लोक आजही ‘रामचंद्रन नकाशा’ वापरतात. आपल्या नाश्त्यातल्या अंड्यालाही तो नकाशा लागू आहे, हे मला फार आवडतं.

अंडं तापलं की काय होतं? गुंडे थरथरतात, त्यांना आतून धरून ठेवणारे नाजूक बंध सुटतात आणि साखळ्या उलगडतात. प्रथिन नासतं म्हणजे त्याची गुंडाळी उलगडते, ही कल्पना पेकिंगमधले वू शिएन या चिनी शास्त्रज्ञांनी १९३१ सालीच मांडली होती. तेव्हा प्रथिन आतून कसं दिसतं, हे कुणी पाहिलेलंसुद्धा नव्हतं! उलगडलेल्या साखळ्या आता एकमेकींना भेटतात, ठिकठिकाणी जोडल्या जातात आणि सगळीकडे पसरलेली एक जाळी तयार होते. पाणी या जाळीच्या बारीक बारीक घरांत अडकून पडतं. वाहू शकत नाही. झालं अंडं घट्ट!

गार केल्यावर ते परत का फिरत नाही, हेही आता कळलं असेल. जाळीतल्या साखळ्या एकमेकींना पक्क्या जोडलेल्या असतात. नुसतं गार करून त्या सुटायच्या नाहीत आणि आपापल्या जुन्या वळणाला जायच्या नाहीत. पण माणसाच्या डोक्यात एखादी गोष्ट आली की तो ती करून बघतोच. अमेरिकेतले ग्रेगरी वाइस, ऑस्ट्रेलियातले कॉलिन रास्टन आणि त्यांचे सहकारी यांनी अंड्याचा पांढरा भाग ९० अंश सेल्सिअसला २० मिनिटं शिजवून पार घट्ट केला. मग युरिया घालून तो विरघळवला आणि एका वेगानं फिरणाऱ्या नळीत त्याचा पातळ थर घुसळला. त्या ओढाताणीत त्यातल्या लायसोझाइम नावाच्या प्रथिनाच्या साखळ्या सुट्या होऊन पुन्हा नीट गुंडाळल्या गेल्या! हे २०१५ सालचं काम. लायसोझाइम तुमच्या लाळेत आणि अश्रूंतही असतं. जंतूंच्या भिंती फोडायचं काम ते करतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना ते १९२१ साली सापडलं, म्हणजे पेनिसिलिनच्या कितीतरी आधी. वाइस आणि रास्टन यांच्या प्रयोगातून खायचं अंडं काही परत मिळालं नाही. पण वेड्यावाकड्या अडकलेल्या प्रथिनांना पुन्हा वळणावर आणायचा झटपट मार्ग मिळाला आणि औषधं तयार करणाऱ्यांना त्याची गरज होती.

बरं, परत तव्याकडे. जाळी झाली, पाणी अडकलं, इथपर्यंत छान. पण आच चालूच राहिली तर? साखळ्या आणखी आणखी ठिकाणी जोडल्या जातात, जाळी आवळत जाते, तिची घरं लहान होतात. आतल्या पाण्याला जागा उरत नाही आणि ते बाहेर पिळलं जातं. ताटात कडेनं सुटणारं पाणी बरेचदा तेच. आणि पाणी गमावलेलं अंडं दाताखाली चिवट लागतं. चांगली भुर्जी, चांगली पारशी अकुरी, चांगलं कुठलंही ढवळून शिजवलेलं अंडं, सगळ्यांच्या मागे हा एकच खेळ आहे: या पाण्याचं काय करायचं?

खेळ कठीण होतो कारण जागा फार थोडी आहे. पांढरा भाग साधारण ६० अंशांच्या पुढे दाट व्हायला लागतो. बलक ६५ अंशांच्या आसपास दाट होऊ लागतो आणि ७० ला आळतो. ओव्हाल्ब्युमिनसाहेब सगळ्यांत सावकाश, ते पक्के व्हायला ८० अंश लागतात. पांढरं-पिवळं नीट फेटून एक केलं तर मिश्रण ७३ अंशांच्या आसपास आळतं. आणि गॅसवरचा तवा किती तापलेला असतो? पाण्याचा थेंब टाका, चर्र करून उडून जातो. म्हणजे १०० च्या कितीतरी वर! दहा-बारा अंशांची खिडकी, आणि खाली धगधगता तवा. म्हणून अंड्याच्या बाबतीत अर्ध्या मिनिटाला किंमत आहे. वरण दहा मिनिटं जास्त शिजलं तरी वरणच राहतं. अंड्याला तेवढी सवड नाही.

आपली भुर्जी हा खेळ कसा खेळते, ते बघा. कढईत आधी तेल, मग कांदा. कांद्यात ८५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते असेपर्यंत कांद्याचं तापमान १०० च्या वर चढतच नाही. पाणी उडत गेलं की तापमान चढतं, कांदा सोनेरी होतो, खमंग वास सुटतो. ही सगळी गंमत अंडं शिजण्याच्या तापमानापेक्षा खूप वरची. कांदा आणि अंडं एकाच वेळी टाकलं, तर कांदा सोनेरी व्हायच्या आत अंड्याची जाळी आवळून आवळून चिवट झालेली असेल. कांदा आधी आणि अंडी शेवटी, ही आज्ज्यापणज्यांनी घालून दिलेली रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे. हळद आणि मिरचीही तेलातच पडतात. हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिनचा, मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिनचा, आणि दोघंही पाण्यापेक्षा तेलात कितीतरी सहज विरघळतात. तेलातून ते कणाकणाला लागतात. मग टोमॅटो. टोमॅटोत तर जवळजवळ ९५ टक्के पाणी! ‘तेल सुटेपर्यंत परत’ असं आई का म्हणते? ते पाणी आधीच उडवायचं असतं. घाई केलीत तर टोमॅटोचं पाणी आणि अंड्याचं पाणी मिळून भुर्जीचा रस्सा होतो.

आता अंडी पडली. भुर्जीच्या गाडीवर कधी उभे राहिला आहात? मोठा लोखंडी तवा, खाली मोठी आच, आणि कालथ्याचा खट्-खट्-खट् आवाज. जाळी तयार व्हायला लागली रे लागली की कालथा तिचे तुकडे करत जातो. तुकडे जितके लहान, तितकं पाणी बाहेर यायला वाट जास्त. बाहेर आलेलं पाणी तापलेल्या लोखंडावर पडतं आणि वाफ होऊन निघून जातं. मागे राहतात सुटे, दाणेदार कण, आणि त्यांना चहूबाजूंनी तेल-मसाला लागलेला. परदेशी पाककृतींच्या पुस्तकांत अंडं कोरडं पडणं म्हणजे चूक. मला ते मान्य नाही. गाडीवरचा माणूस पाणी हरवत नाही, ते मुद्दाम हाकलतो! मऊ पावात भरायला त्याला ओलसर लगदा नको असतो, पावाला पाणी न सोडणारे कण हवे असतात. मोकळी भुर्जी हा एक वेगळा आणि पूर्ण पदार्थ आहे, आणि तो नीट जमवायला मोठी आच आणि न थांबणारा हातच लागतो. घरी मंद गॅसवर, झाकण ठेवून केलीत तर वाफ झाकणाला लागून पुन्हा खाली टपकते आणि भुर्जी धड मऊही होत नाही, धड मोकळीही होत नाही.

मुंबईतली पारशी मंडळी मात्र नेमका उलटा डाव टाकतात. पारशी लोकांना अंडं इतकं प्रिय की भेंडीवर, टोमॅटोवर, बटाट्याच्या तळलेल्या सळ्यांवरसुद्धा ते अंडी फोडतात. त्यांची अकुरी दिसायला भुर्जीची सख्खी बहीण: कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, टोमॅटो सगळं तेच. पण अंडी पडली की आच एकदम मंद. ढवळायचं सावकाश, तळ खरवडत. जाळी हळूहळू बनते आणि आवळायच्या आतच कढई खाली उतरते. पाणी आतच राहतं, म्हणून अकुरी ओलसर, मलईदार. इराणी हॉटेलात ती कुरकुरीत टोस्टबरोबर किंवा कडक ब्रून पावाबरोबर मिळते, आणि ते योग्यच आहे. ओलसर पदार्थाला कडक जोडीदार हवा.

फ्रान्समधले स्वयंपाकी सावधपणात सगळ्यांच्या पुढे. ते अंडं थेट आचेवर ठेवायलाच तयार नसतात. एका पातेल्यात पाणी मंद उकळत ठेवायचं, त्यावर दुसरं भांडं, त्यात फेटलेली अंडी आणि लोणी. उकळतं पाणी कितीही तापवलं तरी १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे वरच्या भांड्यालाही तेवढंच तापता येतं. (महाबळेश्वरला तर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. तिथं ही रीत आणखी सौम्य!) चांगली पंधरा-वीस मिनिटं सतत ढवळायचं. कण इतके बारीक होतात की डोळ्यांना दिसत नाहीत, चमच्यानं खायची दाट मलई तयार होते. मन लावून केलं तर अप्रतिम लागतं. शाळेची बस गाठायची असेल त्या सकाळी मात्र हा बेत नको.

चीनमधल्या घराघरांत टोमॅटो आणि अंडं एकत्र करतात, पण आपल्या उलट क्रमानं. तिथं अंडी आधी. तेल चांगलं तापवून फेटलेली अंडी ओतायची, ती फुगतात, मोठे मऊ तुकडे होतात आणि ते लगेच काढून ठेवायचे. मग त्याच कढईत टोमॅटो शिजवायचा, आणि शेवटी अंडी परत आत. टोमॅटोचं पाणी उडवायची गरजच नाही, कारण त्याचा रस भातावर हवाच असतो. अंडंही जास्त शिजत नाही, कारण टोमॅटो शिजत असताना ते बाहेर बसलेलं असतं. कँटनकडे आणखी एक युक्ती चालते: चमचाभर पाण्यात थोडं कॉर्नफ्लॉवर कालवून अंड्यांत मिसळायचं. पिठूळ कण प्रथिनांच्या साखळ्यांच्या मधे येतात, त्यांना फार घट्ट जोडू देत नाहीत, आणि अंडं गुळगुळीत राहतं. जपानमध्ये तर चार-पाच चॉपस्टिक एका मुठीत धरून अंडं भराभर ढवळतात. रव्याएवढे बारीक कण होतात, ते भातावर पसरायचे.

आपल्याकडे बरेच जण अंड्यांत दूध घालतात. दुधात ८७ टक्के पाणी, म्हणजे साखळ्या एकमेकींपासून लांब जातात आणि जाळी विरळ होते. चमचा-दोन चमचे घातलंत तर मऊपणा येतो. फार घातलंत तर विरळ जाळीला एवढं पाणी पेलवत नाही आणि ताटात पाणी सुटतं. लोणी त्यापेक्षा भरवशाचं. स्निग्ध पदार्थाचे कण साखळ्यांच्या मधे शिरतात, आणि फ्रीजमधलं गार लोणी शेवटी घातलं तर कढईही पटकन थंडावते.

आणि ती हिरवट भुर्जी! डब्यात तासन्‌तास गरम राहिलेलं अंडं कधी कधी हिरवट-राखाडी दिसतं. ते नासलेलंच असतं असं नाही. पांढऱ्या भागातून गंधक सुटतं, बलकात लोह असतं, दोघांचं मिळून आयर्न सल्फाइड होतं, त्याचा तो रंग. तो रंग बाधत नाही. मात्र शिजवलेलं अंडं तासन्‌तास बाहेर ठेवून खायचं नाही, आणि छोट्या भावंडांसाठी करताना कच्चा, पातळ भाग राहू द्यायचा नाही.

गॅस कधी बंद करायचा, यावर मात्र जगभरच्या चांगल्या स्वयंपाक्यांचं एकमत आहे: अंडं हवं त्याच्या जरा आधी. गॅस विझला तरी तवा विझत नाही. जाड लोखंडी तवा तर बराच वेळ धग देत राहतो आणि अंडं तव्यातच शिजत राहतं. म्हणून अंडं अजून थोडं ओलसर दिसतंय तोवर बंद करायचं आणि लगेच ताटलीत काढायचं. उरलेलं शिजणं वाटेत होतं.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग, मिठाचा. मीठ अंड्यांत कधी घालायचं, यावरून घरोघर वाद आहेत. मीठ आधी घातलं तर अंडं चिवट होतं, असं पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. आपण बघूच. दोन वाट्या घ्या, प्रत्येकीत एकेक अंडं फोडून सारखंच फेटा. एकीत चिमूटभर मीठ घालून ढवळा, दुसरीत काही नको. पंधरा मिनिटं थांबा. दोन्ही वाट्या खिडकीपाशी नेऊन रंग बघा: मिठाचं अंडं जास्त गडद, जास्त पारदर्शक झालेलं दिसेल. मिठाचे विद्युतभारित कण प्रथिनांना चिकटून त्यांची आपसातली ओढ कमी करतात, त्याची ती खूण. आता मोठ्यांच्या मदतीनं दोन्ही अंडी वेगवेगळी, सारख्याच आचेवर, सारखाच वेळ शिजवा. दुसऱ्या अंड्यात तेवढंच मीठ तव्यावर घाला. दोन बशांत काढा, बशा जरा तिरक्या करून दहा मिनिटं ठेवा आणि कुठल्या बशीत जास्त पाणी जमतं ते मोजा. चमचा पुरेल.